आधी घेतले, मग परतवले: तुंबलेल्या मेल-रांगेचा आढावा

पनवेलला खेटून असलेली करंजाडेची सिडको वसाहत तशी नवी. विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्या पुनर्वसनाचे भूखंड, त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती, तळमजल्यावर दवाखाने, क्लासेस, इस्टेट एजंट आणि न्हावाशेवाच्या बंदराच्या कामावर चालणाऱ्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या छोट्या कचेऱ्या, असा तिचा तोंडवळा. अशा कचेऱ्यांकडे आता स्वतःच्या नावाचे डोमेन असते, वर्षाला काही हजार रुपयांत मिळणारे शेअर्ड होस्टिंग असते आणि 'इन्फो', 'ऑफिस', 'अकाउंट्स' असे ई-मेल पत्ते असतात. बरेच दिवस सगळे सुरळीत चालते आणि एके दिवशी मेल जाईनासा होतो, किंवा सकाळी पाठवलेला दुपारी पोचतो. होस्टिंगवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेले असते: क्यू जाम झाली आहे, क्लिअर करून देतो. तो ती साफ करतो, दोन दिवस बरे जातात आणि रांग पुन्हा भरते. ती रांग उघडून पाहिली तर कचेरीने लिहिलेली पत्रे त्यात मूठभर निघतात. बाकीची हजारो कोणा माणसाने लिहिलेलीच नसतात. 'आपला मेल पोचू शकला नाही' असे कळवणारे ते यंत्राचे निरोप, म्हणजे बाउन्स, असतात, आणि ते ज्यांच्याकडे निघालेले असतात त्यांनी मुळात काही पाठवलेलेच नसते.

हे दुखणे किरकोळ समजले जाते, कारण त्याचा खर्च कोणत्याच वहीत वेगळा दिसत नाही. पण या भागातला व्यापार ई-मेलवर किती टेकलेला आहे ते पाहिले की त्याचे वजन कळते. कंटेनर सोडवायचा तर शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर यावी लागते. मुदतीपेक्षा एक दिवस उशीर झाला की डिटेन्शनचा, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा, आकार सुरू. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या संगणकीय हल्ल्याने मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावाशेवातील त्यांच्या गेटवे टर्मिनल्समधले कामही अडले आणि त्याची झळ अख्ख्या परिसराला बसली. बाउन्सची रांग असा दणका देत नाही. ती रोज थोडी थोडी गती खाते, आणि पुढे कधीतरी सर्व्हरचा पत्ता कोणाच्या तरी काळ्या यादीत जाऊन बसतो. मग खरा मेलही नाकारला जाऊ लागतो. या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत मानके लिहिली गेली, सॉफ्टवेअरे बदलली, बरेच उपाय आले आणि गेले. ते सगळे एका ओळीत मांडून पाहिले तर माझ्या मते एकच गोष्ट ठरते. रांग साफ करण्याने काही साधत नाही. जे पोचवता येणार नाही ते आत घ्यायचेच नाही आणि नकार द्यायचा तो बोलणी चालू असतानाच द्यायचा.

बोलणी म्हणजे काय ते आधी पाहू. एसएमटीपी या नावाने ओळखली जाणारी मेल पोचवण्याची रीत हा दोन सर्व्हरमधला संवाद असतो. आलेला सर्व्हर स्वतःचे नाव सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग ज्याला द्यायचे त्याचा पत्ता, आणि शेवटी मजकूर. प्रत्येक टप्प्यावर समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक. ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. ५५० म्हणजे हा माणूस इथे राहत नाही. मजकूर ऐकून घेतल्यावर एकदा २५० म्हटले की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याच्या अंगावर आली. ते किरकोळ कारणाने हरवता कामा नये आणि पोचले नाही तर पाठवणाऱ्याला कळवले पाहिजे, असे मानक सांगते. गोम अशी की, कळवायचे ते लिफाफ्यावर लिहिलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता कोणी काहीही लिहू शकतो. पत्राच्या आत वाचकाला दिसणारे 'फ्रॉम' वेगळे, लिफाफ्यावरचा पत्ता वेगळा. दोन्ही लिहिणाऱ्याच्या मर्जीचे. स्पॅम पाठवणारा तिथे स्वतःचा पत्ता कशाला लिहील? तो भलत्याचाच लिहितो, आणि आपला सर्व्हर इमानेइतबारे त्या भलत्याला कळवायला धावतो. या उलट्या माऱ्याला जाणकार 'बॅकस्कॅटर' म्हणतात.

हा भोळेपणा मुद्दाम ठेवलेला नव्हता. जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हे एसएमटीपीचे मूळ मानक ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्करी प्रयोगशाळा होत्या. खोटा पत्ता लिहिण्यात कोणाचा फायदा नव्हता. आपल्याकडेही तसेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना ओळखत होती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि ती ओळख संपली. बाहेर तोवर स्पॅमचा धंदा रुजू लागला होता. जानेवारी १९९७ मध्ये जो डॉल या गृहस्थांच्या 'जोज डॉट कॉम' या साइटवर एका स्पॅमरने सूड उगवला: स्पॅमच्या पत्रांवर त्यांचा पत्ता पाठवणारा म्हणून टाकला आणि परतीचा पूर त्यांच्या दारात सोडला. त्यावरून अशा हल्ल्याला 'जो जॉब' नाव पडले. पुढे क्लेझ आणि ऑगस्ट २००३ चा सोबिग.एफ या व्हायरसांनी हीच खोटी सही यंत्रवत करायला सुरुवात केली. त्यात भर घातली ती चांगल्या हेतूच्या अँटीव्हायरस यंत्रांनी. व्हायरस सापडला की ती 'तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवला आहे' असे पत्र खोट्या पत्त्यावर धाडत, वर आपल्या कंपनीची जाहिरातही जोडत. त्या काळात व्हायरसइतकाच त्या इशाऱ्यांचाही उपद्रव झाला असे म्हणायला हरकत नाही.

रांग भरते कशी, हे आकड्यांत पाहिलेले बरे. समजा एखाद्या डोमेनवर स्पॅमरने अंदाजाने बनवलेल्या दहा हजार पत्त्यांवर पत्रे पाठवली आणि सर्व्हरने सगळी घेतली. पत्ते अस्तित्वात नाहीत, म्हणून दहा हजार बाउन्स तयार झाले. त्यातले काही लगेच पोचतात आणि निरपराध लोकांना त्रास देतात. काहींना समोरून ठाम नकार मिळतो आणि ते तिथेच संपतात. कारण बाउन्सच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, म्हणजे बाउन्सचा बाउन्स असा अनंत झिम्मा सुरू होत नाही. त्रास उरतो तो ज्यांचा सर्व्हर उत्तरच देत नाही किंवा 'नंतर या' म्हणतो त्यांचा. पोस्टफिक्स या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये अशा पत्रासाठी पुन्हा प्रयत्न करण्याचे अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४,००० सेकंदांपर्यंत जाते आणि पाच दिवसांनी नाद सोडला जातो. ४,००० सेकंदांच्या अंतराने दिवसाला एकवीस-बावीस फेऱ्या होतात, पाच दिवसांत शंभरावर. म्हणजे रांगेत तीन हजार बाउन्स अडकले तर त्यांच्यापायी तीन लाखांहून अधिक निष्फळ हेलपाटे. तेवढ्यातून वाट काढत कचेरीचे खरे पत्र पुढे सरकायचे असते. त्यात प्रत्येक बाउन्ससोबत मूळ स्पॅमची नक्कलही जोडलेली असते. म्हणजे स्पॅमरचे टपाल आपण आपल्या खर्चाने आणि आपल्या नावाने वाटत असतो.

सॉफ्टवेअरचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो. डॅन बर्नस्टाइन यांचे क्यूमेल १९९८ पर्यंत पक्के झाले. सुरक्षिततेसाठी त्यांनी कामे काटेकोर वेगळी केली: दाराशी बसणाऱ्या भागाला आत कोण राहते ते माहीतच नाही. दार फोडून कोणी आत शिरलाच तर त्याच्या हाती काही लागू नये, हा विचार उत्तम होता. पण दाराला रहिवासी ठाऊक नाहीत म्हटल्यावर ते येईल ते पत्र घेणार आणि नंतर परतवणार. ज्या काळात क्यूमेल लोकप्रिय होते त्याच काळात बॅकस्कॅटरचा पूर आला, हा योगायोग म्हणता येणार नाही. ती उणीव भरायला लोकांना नंतर पॅच लिहावे लागले. वीत्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्सने वेगळी वाट धरली. २.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ च्या अखेरीपासून, स्थानिक नसलेल्या पत्त्याला दारातच नकार देणे हे तिथे मुळातले वर्तन झाले. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये पत्ता नसेल तर नकार देण्याची सोय २००३ च्या आवृत्तीत आली, तीही मुद्दाम चालू करावी लागे. आणि तरीही एक भोक राहिले. मुख्य सर्व्हर बंद पडला तर पत्रे सांभाळायला ठेवलेला दुय्यम सर्व्हर, ज्याला बॅकअप एमएक्स म्हणतात, त्याच्याकडे सहसा रहिवाशांची यादी नसते. स्पॅमर मुद्दाम मागच्या दाराने, म्हणजे त्याच्याकडे, जातात. तो सगळे घेतो, मुख्य सर्व्हर नाकारतो आणि बाउन्स तयार करण्याचे काम दुय्यमावर येते. आज सर्व्हर क्वचितच दिवसभर बंद असतात आणि पाठवणारा सर्व्हर स्वतःच चार-पाच दिवस थांबायला तयार असतो. छोट्या कचेरीला बॅकअप एमएक्स ठेवायचे एकही चांगले कारण मला दिसत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की ही जुनी गोष्ट झाली. काही अंशी खरे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील मॅकोलो या होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली गेली तेव्हा जगातले स्पॅम काही काळ निम्म्याहून खाली गेल्याच्या नोंदी झाल्या. मोठ्या कंपन्यांनी दारातच नकार देणे केव्हाच अंगी बाणवले आहे. दुखणे उरले आहे ते लहान कचेऱ्यांत, आणि तिथे त्याचे रूप बदलले आहे. आजचे सर्वांत मोठे कारण म्हणजे फॉरवर्डिंग. कचेरीचा पत्ता ठेवायचा, पण मेल वाचायचा तो मालकाच्या जीमेलवर, म्हणून होस्टिंगच्या पॅनलमध्ये एक फॉरवर्डर टाकलेला असतो. आपला सर्व्हर पत्ता खरा आहे म्हणून पत्र घेतो, त्यात स्पॅमही आलेच. ते जीमेलकडे पाठवतो. जीमेल ओळखते आणि ५५० म्हणते. आता पत्र आपल्या हातात, पुढचे दार बंद, जबाबदारी आपली. मग बाउन्स. शिवाय जीमेलच्या दृष्टीने ते स्पॅम आपणच पाठवलेले असते. काही दिवसांत ते आपल्याला सरसकट 'हळू या' म्हणू लागते, आणि कचेरीची खरी पत्रेही त्याच रांगेत उभी राहतात. अशा बाउन्समध्ये पुष्कळदा जीमेलचा तो खाजगी पत्ताही छापलेला असतो, जो जगाला कळू नये म्हणून तर फॉरवर्डर ठेवला होता!

दुसरे कारण आपल्या आडनावांत आहे. चौधरी हे नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिता येते. करंजाडे हे गावाचे नावही त्यातून सुटत नाही. ग्राहकाने पत्ता चुकीचा लिहिला तर पत्र हुकेल या भीतीने डोमेनवर 'कॅच-ऑल' लावले जाते: या डोमेनच्या कोणत्याही नावाने आलेले सगळे एका पेटीत टाका. सुरुवातीला बाउन्स होत नाहीत, कारण नाकारण्याजोगा पत्ताच उरत नाही. पण त्या पेटीकडे कोणी पाहत नाही. ती स्पॅमने फुगत जाते आणि ज्या दिवशी कोटा भरतो त्या दिवशीपासून येणारे प्रत्येक पत्र 'पेटी भरली आहे' म्हणून परतवले जाते. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. लोक ज्या चार तऱ्हांनी नाव चुकतात त्या चार तऱ्हांची उपनावे बनवून एका पेटीला जोडली की काम भागते. आणि कोटा भरल्याची तपासणी पत्र घेण्याआधी दारातच करता येते; डव्हकॉट हे पेटी सांभाळणारे सॉफ्टवेअर पोस्टफिक्सला तशी खबर देऊ शकते. हे पत्ते देवनागरीत असते तर निम्मा घोळ टळला असता, असा विचार मनात येतो. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन मिळते आणि बिगर-रोमन पत्त्यांसाठीचे मानक २०१२ पासून आहे. पण वाटेतला एक जरी सर्व्हर ते समजत नसला तरी पत्र परतते, त्यामुळे व्यवहारात कोणी धजावत नाही.

तिसरे कारण यंत्राच्या सौजन्याचे. 'आम्ही रजेवर आहोत' असे कळवणारे स्वयंउत्तर आणि वेबसाइटवरच्या संपर्क-फॉर्मनंतर जाणारे 'धन्यवाद, आपला संदेश मिळाला' हे पत्र. फॉर्ममध्ये पत्ता कोणाचाही टाकता येतो, त्यामुळे धन्यवादही भलत्यालाच मिळतात. स्वयंउत्तराने रिकाम्या लिफाफ्याला उत्तर देऊ नये, मेलिंग-यादीवरून आलेल्या पत्राला देऊ नये, असे आरएफसी ३८३४ ने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे. स्वस्तातल्या फॉर्मच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाही. आणि एक शक्यता अशी की रांगेतली पत्रे बाउन्स नसून कचेरीच्याच एखाद्या खात्याच्या नावाने निघालेली असतात. तेव्हा पासवर्ड चोरीला गेलेला असतो, रोग वेगळा आणि औषधही वेगळे. म्हणून पहिली तपासणी नेहमी एकच: रांगेतल्या पत्रांच्या पाठवणाऱ्याच्या रकान्यात काय आहे? 'मेलर-डीमन' किंवा रिकामी जागा असेल तर हा लेख लागू. कचेरीच्या एखाद्या खात्याचे नाव असेल तर आधी त्या खात्याचा पासवर्ड बदला.

आता मूळ मुद्द्याकडे. दारात दिलेला नकार आणि नंतर पाठवलेला बाउन्स यांत निरोप एकच असतो, मग एवढा फरक का पडतो? फरक निरोप कोण तयार करतो यात आहे. दारात ५५० म्हटले की पत्र आपल्याकडे आलेलेच नाही. ते अजून समोरच्या सर्व्हरच्या हातात आहे आणि पाठवणाऱ्याला कळवणे हे त्याचे काम. तो सर्व्हर जर खऱ्या कंपनीचा असेल तर तो आपल्या खऱ्या वापरकर्त्याला ओळखतो आणि नीट कळवतो. तो जर स्पॅमरचे भाड्याचे किंवा पळवलेले यंत्र असेल तर ते कोणालाच काही कळवत नाही, पुढच्या पत्त्याकडे वळते. म्हणजे एकाच आकड्याने खऱ्याला बातमी मिळते आणि खोट्याची वाट खुंटते, आणि कोण खरा कोण खोटा हे आपल्याला ठरवावेही लागत नाही. बाकी कोणत्याही उपायात हा गुण नाही. प्रत्येकात कुठे ना कुठे अंदाज बांधावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की दारात नकार दिला तर स्पॅमर नावे टाकून पाहील आणि कोणते पत्ते खरे ते हुडकून काढेल. तो असे करतो, यात शंका नाही. पण 'इन्फो' आणि 'अकाउंट्स' हे पत्ते गुप्त कुठे आहेत? ते वेबसाइटवर, पावतीवर, दुकानाच्या पाटीवर आहेत. आणि हुडकण्याला वेसण घालता येते: एकाच जोडणीत चार-पाच चुकीची नावे आली की उत्तर हळू द्यायचे किंवा जोडणी तोडायची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पॅम आहे हे मजकूर तपासल्यावर कळते, तपासायला वेळ लागतो आणि तोवर समोरच्याला ताटकळत ठेवावे लागते. पाचजणांच्या नावे आलेल्या पत्राला मजकुरानंतर एसएमटीपीत एकच उत्तर देता येते, पाच वेगळी नाहीत. एकाला ते पत्र हवे आणि चौघांना नको, तर काय करणार? इथे मी दारातल्या नकाराचा हट्ट धरणार नाही. स्पष्ट स्पॅम दारातच नाकारावे, संशयित पत्र आत घ्यावे आणि ज्याच्या-त्याच्या जंक पेटीत टाकावे. एकदा आत घेतलेले पत्र स्पॅम आहे म्हणून परतवणे मात्र कधीही करू नये, कारण ज्याला आपण स्पॅम म्हणतो त्याचा परतीचा पत्ता खोटा असण्याचीच शक्यता सर्वांत जास्त.

मग तिसरा आक्षेप समोरून येतो: परतवायचे नाही, तर गुपचूप टाकून द्या, रांगही रिकामी आणि कटकटही नाही. अनेक होस्टिंगवाले हेच करतात. ऑक्टोबर २००८ चे आरएफसी ५३२१, म्हणजे एसएमटीपीचे सुधारित मानक, नको असलेल्या घातक पत्रांबाबत असे टाकून देण्याला पूर्ण मज्जाव करत नाही, पण ते जपून करावे असेच त्याचे म्हणणे आहे. कारण उघड आहे. नावातले एक अक्षर चुकून पाठवलेली डिलिव्हरी ऑर्डर गुपचूप टाकली गेली तर पाठवणाऱ्याला वाटते पोचली, घेणाऱ्याला वाटते आलीच नाही, आणि गाडी गेटवर उभी. टपालखात्याच्या परत-पत्र कार्यालयाची कल्पना याच धास्तीतून जन्मली होती: पत्ता सापडला नाही तरी पत्र हरवता कामा नये. चुकलेल्या पत्राला आवाज हवा. फक्त तो आवाज योग्य माणसाने करायला हवा.

चौथा आक्षेप सध्या सर्वांत जास्त ऐकू येतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याच्या रीती आल्या, आता खोटा पत्ता चालतोच कुठे? एसपीएफ २००६ पासून प्रायोगिक मानक म्हणून आहे आणि एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२०८ ने ते पक्के झाले. डीमार्कचे आरएफसी मार्च २०१५ चे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी जाहीर केले की फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांवर) पत्रे पाठवणाऱ्यांना ही तिन्ही लागतील. यातून खोटी सही खरोखर महाग झाली आहे. पण नीट पाहा: एसपीएफची नोंद, म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात त्यांची यादी, करतो तो ज्याचा पत्ता चोरला जाऊ शकतो तो, आणि ती तपासायची असते ज्याच्या दारात पत्र आले आहे त्याने. आपण नोंद केली म्हणून आपल्या सर्व्हरचे बाउन्स कमी होत नाहीत. आपल्या नावावर दुसरीकडून येणारे कमी होतात. आपली रांग कमी करायची तर आपल्या दारात इतरांच्या नोंदी तपासाव्या लागतात. शिवाय एसपीएफ फॉरवर्डिंगला चालत नाही, कारण फॉरवर्ड करणारा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतो. म्हणजे पुन्हा फॉरवर्डरच आडवा येतो: तो काढा. बळी पडलेल्यांसाठी बीएटीव्ही नावाचा एक चतुर उपायही निघाला होता. आपल्या प्रत्येक पत्राच्या परतीच्या पत्त्यात गुप्त खूण मिसळायची आणि खूण नसलेला बाउन्स आला तर नाकारायचा. तो मसुद्याच्या पुढे गेला नाही. लिफाफ्यावरचा पत्ता बदलल्याने पत्त्यावरून सदस्य ओळखणारी मेलिंग-याद्यांची यंत्रे गोंधळत. ज्याच्यावर रोज हल्ला होतो त्याने तो वापरावा, बाकीच्यांनी नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे त्याच्या सर्व्हरला उलट फोन करून विचारणे, हाही एक उपाय सुचवला जातो. तो टाळावा. ज्याचा पत्ता चोरला गेला त्याच्याच दारात हजारो चौकश्या जातात, म्हणजे बाउन्सचा त्रास दुसऱ्या रूपाने तिथेच. उलट, पाठवणाऱ्याचे डोमेन अस्तित्वातच नसेल तर दारात नकार देणे अगदी स्वस्त आणि निर्धोक आहे.

कायद्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. भारतात ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही; ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात पत्राच्या उगमाबद्दल दिशाभूल करण्याचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि ते ज्या इतर कारणांसाठी वापरले जात होते ते पाहता योग्यच केले. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी मात्र एक गोष्ट बांधून दिली: सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. रांग साफ करताना लॉगही पुसून टाकण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. नोंदींतूनच तर कोणत्या फॉरवर्डरमुळे बाउन्स जन्मतात ते कळते.

तुंबलेली रांग उपसण्याला तेवढ्यापुरती जागा आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आरएफसी ५३२१ साध्या पत्रांसाठी चार-पाच दिवस थांबायला सांगते, पण बाउन्ससाठी कमी वेळा प्रयत्न करायला मुभा देते. पोस्टफिक्समध्ये ही मुदत वेगळी ठरवता येते. ती पाच दिवसांवरून एका दिवसावर आणली तर खऱ्या पत्रांना धक्का न लागता रांग बरीच आटोपते. हाताने पुसायचे असेल तर फक्त रिकाम्या लिफाफ्याची पत्रे पुसावीत. सगळी रांग एका आज्ञेने उडवणारा माणूस त्यात अडकलेले चलन आणि बिलेही उडवतो. पण ही मलमपट्टी झाली. दारातला नकार बसवल्यावर तीच रांग आपोआप रोडावते, आणि मग मुदत एक दिवस आहे की पाच याने फरक पडेनासा होतो.

अवघड भाग तांत्रिक नाहीच. दाराला रहिवाशांची यादी लागते आणि यादी कोणीतरी ताजी ठेवावी लागते. करंजाडेसारख्या वसाहतीत गृहनिर्माण संस्थेची समिती पाच वर्षांनी बदलते, पण जुन्या सचिवांच्या जीमेलकडे जाणारा फॉरवर्डर कोणी काढत नाही. क्लिअरिंगच्या कचेरीतून मुलगा नोकरी सोडून जातो, त्याची पेटी राहते, भरते आणि बाउन्स देऊ लागते. डोमेन एकाच्या नावावर, होस्टिंग वेबसाइट बनवून देणाऱ्या दुसऱ्याच्या खात्यावर, पॅनलचा पासवर्ड तिसऱ्याच्या फोनमध्ये. मोठ्या कंपनीच्या मेलसेवेकडे गेले तरी हे सुटत नाही. तिथे दार पक्के असते, पण कोणाला आत घ्यायचे ते कचेरीनेच सांगायचे असते आणि फॉरवर्डर तिथेही लावता येतो. म्हणून क्यू जाम झाली म्हणून फोन आला की होस्टिंगवाल्याने ती साफ करण्याआधी विचारावे: या डोमेनवर आज कोणाकोणाचे पत्ते चालू असायला हवेत? बहुतेक वेळा त्या कचेरीत या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी नसते, आणि काम तिथून सुरू करावे लागते.